या भावात काय धरलंय?

जुलै २०२४ मध्ये, अर्थसंकल्पाच्या आदल्या रविवारी, शेअरवर बोलायला जमणाऱ्या आमच्या बैठकीत रेल्वेवरून वाद पेटला. इंडियन रेल्वे फायनान्स कॉर्पोरेशन, सगळ्यांच्या तोंडी आयआरएफसी, या सरकारी कंपनीचा शेअर त्याच आठवड्यात २२९ रुपयांपर्यंत जाऊन आला होता. जानेवारी २०२१ मध्ये आयपीओत, म्हणजे लोकांना केलेल्या पहिल्या विक्रीत, हाच शेअर २६ रुपयांना मिळत होता आणि पहिल्याच दिवशी त्या भावाच्या खाली उघडला म्हणून लोकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. आता घोडबंदर रोडला राहणारा, आयटीत नोकरी करणारा आमच्यातला तरुण छातीठोकपणे सांगत होता, "मंगळवारी बजेट आहे. रेल्वेला विक्रमी पैसा मिळणार. हा तीनशे होतोय, लिहून घ्या."

बैठक ठाण्यात, नौपाड्यातल्या एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या खोलीत भरते. रविवारी सकाळी कोणी तलावपाळीला फेरी मारून येतं, कोणी भाजीची पिशवी तशीच हातात घेऊन येतं. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात हयात घालवलेले एक काका आहेत, पाचपाखाडीच्या मावशी आहेत, बँकेतून निवृत्त झालेले दोघे आहेत, दोन-तीन तरुण मुलंमुली आहेत. आणि बाई आहेत. त्या कॉलेजात अकाउंट्स शिकवायच्या. खोलीतला फळा त्यांनीच लावून घेतला आहे.

बाईंनी खडू घेतला आणि त्या मुलालाच विचारायला सुरुवात केली.

"एकूण शेअर किती आहेत?"

"तेराशे सहा कोटी आणि वर थोडे."

"गेल्या वर्षीचा नफा?"

"सहा हजार चारशे कोटींच्या आसपास."

"मग शेअरमागे किती पडले?"

"चार रुपये नव्वद पैसे."

बाईंनी २२९ ला ४.९० ने भागलं आणि फळ्यावर ४७ लिहिलं. "म्हणजे आजच्या नफ्याच्या जवळपास सत्तेचाळीस पट पैसे मोजायला तू तयार आहेस. मोज. माझं काही म्हणणं नाही. फक्त मला एवढं सांग, या भावात काय धरलंय?"

हा प्रश्न त्या कायम विचारतात. त्यातली गोम अशी, की 'महाग आहे का' असं विचारलं तर समोरचा हो किंवा नाही म्हणून मोकळा होतो. 'काय धरलंय' असं विचारलं की त्याला कंपनीचा धंदा उलगडून सांगावाच लागतो. आयआरएफसीचा धंदा तेव्हा तसा सरळ होता. ती रोखे काढून बाजारातून पैसा उभा करायची, त्यातून रेल्वेसाठी इंजिनं, डबे, वाघिणी घ्यायची आणि ते रेल्वेला भाडेपट्ट्यावर द्यायची. पैसा ज्या दराने मिळाला त्यावर तिला रेल्वेकडून ठरलेला नफा मिळायचा, आणि तो अर्धा टक्कासुद्धा नसायचा. देणेकरी खुद्द रेल्वे असल्यामुळे पैसे बुडण्याची भीती नव्हती. पण दरही ठरलेला असल्यामुळे नफा एकदम उसळण्याचीही सोय नव्हती. कर्जाची रक्कम जेवढी वाढेल तेवढाच नफा वाढणार. २०२१–२२ मध्ये तो सहा हजार कोटींच्या थोडा वर होता, दोन वर्षांनी सहा हजार चारशे. शेअर मात्र तेवढ्या काळात वीस-पंचवीस रुपयांवरून सव्वादोनशेच्या वर गेला.

"पण रेल्वेवर एवढा खर्च होतोय ना," मुलगा म्हणाला.

"तो पैसा येतोय कुठून?"

खोलीत क्षणभर कोणीच बोललं नाही. रेल्वेला मिळणारे अडीच लाख कोटींहून जास्त रुपये सरकार थेट अर्थसंकल्पातून देत होतं. सरकारच हातात पैसे ठेवत असेल तर रेल्वे कर्ज कशाला काढेल? आणि रेल्वेने कर्ज काढलं नाही तर आयआरएफसीचा धंदा वाढणार कुठून? ज्या बातमीवर शेअर चढत होता ती बातमी नीट वाचली तर या कंपनीसाठी निदान आनंदाची तरी नव्हती. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या, रूळ टाकणाऱ्या कंपन्यांची गोष्ट वेगळी. पण बाजाराने नावात 'रेल्वे' असलेलं सगळं एकाच टोपलीत घातलं होतं.

त्या मुलाने मग जे उत्तर दिलं त्याबद्दल मला त्याचं कौतुक आहे. तो म्हणाला, "बाई, जानेवारीत हा शेअर शंभरला होता तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात. तेव्हा तुमचं ऐकून ज्यांनी विकला त्यांना मी काय सांगू?"

खरंच म्हणाल्या होत्या. आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांत तो दुपटीहून वर गेला होता. बाई म्हणाल्या, "शंभरलाही माझ्या हिशेबाने तो महागच होता. महाग वस्तू आणखी किती महाग होईल हे मला कळत नाही, आणि ज्याला कळतं असं म्हणतात त्याच्या हाती मी माझी पेन्शन देणार नाही. किती वर्षांच्या नफ्यासाठी मी पैसे मोजतेय, एवढंच मला कळतं."

पुढचं सर्वांना माहीत आहे. मार्च २०२५ पर्यंत शेअर निम्म्यावर आला. त्या वर्षी कंपनीचा नफा कमी झाला म्हणावं तर तसंही नाही, साडेसहा हजार कोटी म्हणजे आधीच्या वर्षापेक्षा थोडा जास्तच झाला. कंपनी होती तशीच चालू होती, तिच्या नावाने लोकांनी जे धरून ठेवलं होतं ते सुटलं.

मूल्यांकनाचा वाद मला एवढा मोलाचा वाटतो, त्याचं कारण हे आहे. यात कोण जिंकलं हे लवकर कळत नाही, कधीकधी वर्षानुवर्षं कळत नाही. पण माणूस आपल्या मनात काय धरून पैसे घालतोय ते चार माणसांत मोठ्याने बोलून दाखवतो. एकटं बसून मोबाइलवर शेअर घेताना हे कोणी करत नाही. स्वतःशीच बोलताना आकड्यांना ओढून-ताणून बसवता येतं, मावशी आणि काका समोर असले की येत नाही.

मी या वाटेला आले ती सासऱ्यांच्या कपाटामुळे. ते गेल्यावर लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात शेअर सर्टिफिकेटांची जाड फाइल निघाली. त्यांच्या पिढीच्या ठाणेकरांच्या घरात अशी फाइल निघणं नवलाचं नव्हतं. परकीय चलनावर नियंत्रण ठेवणाऱ्या १९७३ च्या फेरा कायद्यामुळे परदेशी कंपन्यांना इथल्या उपकंपन्यांमधला आपला हिस्सा साधारण चाळीस टक्क्यांवर आणावा लागला. त्यासाठी सत्तरच्या दशकाच्या शेवटी कोलगेटसारख्या कंपन्यांनी सामान्य माणसांना शेअर विकायला काढले. भाव कंपनीने ठरवायचा नव्हता. दिल्लीत कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज म्हणून अधिकारी असे, त्याच्या परवानगीनेच किंमत ठरायची, आणि ती बहुतेक वेळा धंद्याच्या मानाने फारच कमी असायची. १९९२ मध्ये ते पदच गेलं. आमच्या सासऱ्यांच्या पिढीने कधी पीई, म्हणजे भाव नफ्याच्या किती पट आहे तो आकडा, काढला नाही, कारण त्यांच्या वतीने कोणीतरी आधीच भाव पाडून ठेवला होता. अर्ज भरायचा, सोडतीत नाव लागलं तर नशीब, आणि मग सर्टिफिकेट कपाटात. हातात होते तेवढे धरून बसले आणि बोनस म्हणून वर फुकटचे शेअर मिळत गेले.

त्यांना कंपनी मात्र डोळ्यांनी दिसत होती, हे खरं. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि त्याची पहिली वसाहत वागळे इस्टेट. पलीकडे ठाणे–बेलापूर रस्त्यावर रसायनांचे, औषधांचे कारखाने ओळीने उभे. पोखरण रोडला ग्लॅक्सो. घराघरातला कोणीतरी कुठल्यातरी गेटमधून आत जात होता. बैठकीतले काका सांगतात, पाळी बदलताना भोंगा व्हायचा, ओव्हरटाइम किती चाललाय, गेटबाहेर ट्रक किती उभे आहेत, यंदा बोनसची बोलणी लांबतायत का, यावरून धंदा कसा आहे ते त्यांना ताळेबंदाआधी कळायचं. ते ज्ञान खरं होतं. आजच्या कुठल्याही ॲपवर ते मिळणार नाही. पण ते अर्धंच होतं, कारण त्यात भाव कुठेच नव्हता. कारखाना जोरात चाललाय हे गेटवर दिसतं, त्या जोराचे पैसे शेअरच्या भावात आधीच मोजून झालेत का, हे गेटवर दिसत नाही.

एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४६७ पर्यंत गेला तेव्हा याच कारखान्यांमधली माणसं जेवणाच्या सुट्टीत शेअरवर बोलत होती. त्यांतल्या कितीकांचे हात पोळले ते सांगायला नको.

ठाण्यात कंपनीचं मूल्य काढायचा आणखी एक प्रकार आहे, आणि त्यात आमचे काका कोणालाही हार जात नाहीत. तो म्हणजे जमीन. रेमंडची गिरणी इथे १९२५ पासून. जेकेग्रामवरून जाणाऱ्या प्रत्येक ठाणेकराने त्या कुंपणाच्या आतल्या झाडांकडे बघत मनात कधी ना कधी चौरस फुटांचा गुणाकार केलेला आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपनीने त्यातली २० एकर जागा ७०० कोटींना विकली. काकांनी तेव्हाच हिशेब मांडला: एकरी पस्तीस कोटी, उरलेली जागा शंभर एकरांच्या घरात, म्हणजे साडेतीन हजार कोटी नुसत्या मातीचे. पुढे करोना आला. २०२० च्या उन्हाळ्यात लग्नंच होत नव्हती, सूट शिवणार कोण? तेव्हा सबंध कंपनीचं बाजारमूल्य दोन हजार कोटींच्याही आत आलं होतं.

"कापडाचा धंदा, दुकानं, एवढं मोठं नाव, हे सगळं फुकट, आणि जमीनही अर्ध्या किमतीत," काका म्हणत होते.

बँकवाल्या काकांनी कर्जाचा मुद्दा काढला. "डोक्यावर कर्ज किती आहे ते वजा करा आधी." केलं. मोठं होतं. मग बाईंनी विचारलं, जमीन एकदम विकली जाणार का? नाही, इमारती बांधून हळूहळू. किती वर्षं? दहा तरी. दहा वर्षांनी येणाऱ्या शंभर रुपयांना आज किती मोजायचे? त्यातून पैसा आला तरी तो भागधारकाच्या हाती येईल की आणखी कुठल्या धंद्यात जाईल? काकांचा आकडा प्रत्येक प्रश्नाला खाली येत गेला. शेवटी जो उरला तोही त्या वेळच्या भावाच्या वरच होता, म्हणून काकांनी थोडे शेअर घेतले, आणि ते बरोबर ठरले. पुढे कंपनीचे तुकडे झाले, जुलै २०२५ मध्ये रिअल इस्टेटची स्वतंत्र कंपनी बाजारात नोंदली गेली. पण साडेतीन हजार कोटी डोळ्यांसमोर ठेवून घेतले असते आणि एवढी वाट पाहायची हे मनात नसतं, तर ते मधेच कंटाळून विकून मोकळे झाले असते. त्या दिवशी केलेल्या वजाबाकीने त्यांना तग धरायला शिकवलं असं मला वाटतं.

आकड्यांवर फार विसंबू नये असं म्हणणारे भेटतात. माझं म्हणणं उलटं आहे. आकड्याच्या पोटात शिरावं. आमच्यातले निवृत्त बँकवाले दोघे वर्षानुवर्षं एकच ताईत बाळगून होते: निफ्टीचा, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाचा, पीई २८ ला गेला की बाजारातून बाहेर पडायचं. त्याला आधार होता. फेब्रुवारी २००० मध्ये तो २८ च्या वर गेला आणि बाजार आपटला. जानेवारी २००८ मध्ये पुन्हा २८ झाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत अकराच्याही खाली आला. मग २०२१ उजाडलं आणि पीई चक्क चाळीसला गेला. दोघेही केव्हाचे विकून बसले होते. बाजार चढतच होता.

झालं काय होतं? एक तर टाळेबंदीत कंपन्यांचे नफे आटले होते. पीई हा भागाकार आहे, खालचा आकडा आक्रसला की उत्तर फुगतं, वरच्या आकड्याने काही केलेलं नसलं तरी. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एनएसई, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजार, तोवर निफ्टीचा पीई काढताना कंपन्यांचा फक्त एकट्याचा नफा धरत असे, उपकंपन्यांचा नफा त्यात येत नसे. मार्च २०२१ च्या अखेरीस ही पद्धत बदलली आणि उपकंपन्यांसह एकत्रित नफा धरायला सुरुवात झाली. एका रात्रीत चाळीसचे तेहेतीस झाले. बाजार तोच, कंपन्या त्याच. म्हणजे २००८ चे अठ्ठावीस आणि आजचा आकडा ही दोन वेगळ्या मापांनी मोजलेली उंची आहे. अजूनही लोक दोन्ही आकडे एकाच आलेखावर ठेवून बाजार महाग की स्वस्त ते ठरवतात, आणि तो आलेख फॉरवर्ड होत होत माझ्याही फोनवर येतो. प्रत्येक वेळी मी पाठवणाऱ्याला हे समजावून सांगते. थकत नाही.

पाचपाखाडीच्या मावशींचा भर चांगल्या कंपनीवर. "चांगली कंपनी कुठल्याही भावात घ्यावी, काळ सगळं भरून काढतो," असं त्यांचं मत, आणि त्यांचं सर्वांत लाडकं नाव एशियन पेंट्स. जानेवारी २०२२ मध्ये तो शेअर साडेतीन हजारांच्या वर होता. त्या वर्षीचा कंपनीचा नफा सुमारे तीन हजार कोटी, म्हणजे शेअरमागे एकतीस-बत्तीस रुपये. शंभराहून जास्त पट. पुढच्या दोन वर्षांत नफा साडेपाच हजार कोटींच्या जवळ गेला. मावशींचा अंदाज शंभर टक्के खरा ठरला, कंपनी खरोखरच चांगली निघाली. आणि शेअर? वर जायचा सोडून खालीच आला. एवढी वाढ होणार हे २०२२ च्या भावात धरून झालं होतं, कदाचित त्याहून जास्त.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बिर्लांचा ओपस रंग बाजारात आला, आणि त्याची खबर आम्हाला ब्रोकरच्या अहवालाच्या आधी मावशींकडून कळली. त्यांच्या सोसायटीत दिवाळीआधी रंगकाम निघालं होतं. ठेकेदार नव्या कंपनीचाच डबा पुढे करत होता, कारण त्याला त्यात जास्त सुटत होते. मावशींनी हे सांगितलं तेव्हा त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं. त्या वर्षी एशियन पेंट्सचा नफा जवळपास एक तृतीयांशाने घटला आणि मार्च २०२५ मध्ये शेअर सव्वादोन हजारांच्या आसपास होता. मावशींनी विकला नाही. त्यांचं म्हणणं, शंभर पटींना जे धरलं होतं ते चुकीचं होतं, पण आता जे धरलंय तेही चुकीचं असू शकतं, उलट्या बाजूने. मला हे पटतं. इन्फोसिसचं उदाहरण बँकवाल्या काकांनी दिलं: मार्च २००० चा भाव परत दिसायला जवळपास सहा वर्षं गेली, आणि त्या सहा वर्षांत कंपनीचा नफा कित्येक पटींनी वाढला होता. काळ सगळं भरून काढतो हे खरं, पण त्या काळाची किंमत ज्याने चढ्या भावात घेतलं त्याच्याच खिशातून जाते. साठीच्या माणसाकडे आणि तिशीच्या माणसाकडे द्यायला सारखा काळ नसतो.

बाजार कुठे जाणार, या विषयावर मात्र मला बैठकीत बोलवत नाही. निफ्टी दिवाळीपर्यंत कुठे, निवडणुकीनंतर कुठे, अमेरिकेने व्याजदर कमी केले तर कुठे. तास तास जातो. २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात तेरा टक्के कोसळून ७,६१० वर बंद झाला, त्या आठवड्यात फोनवर झालेल्या बोलण्यात आमच्यातला एकही जण असं म्हणाला नव्हता की वर्षभरात तो दुपटीच्या जवळ जाईल. ३१ मार्च २०२१ ला तो १४,६९० वर होता. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सगळ्यांचा भरवसा एसआयपीवर, म्हणजे लोक म्युच्युअल फंडांत दरमहा घालतात त्या ठरावीक पैशांवर, होता. महिन्याला पंचवीस हजार कोटी येतायत, बाजार पडेलच कसा? त्याच महिन्यात परदेशी संस्थांनी एक लाख कोटींच्या आसपास शेअर विकले, आणि सप्टेंबरअखेर २६,२७७ वर असलेला निफ्टी मार्चच्या सुरुवातीला बावीस हजारांच्या खाली आला. पैसा येतोय म्हणजे घेणारा कोणीतरी आहे एवढंच कळतं. घेणाऱ्याच्या पदरात काय पडणार ते नाही कळत.

आणि ज्यांना बाजाराची दिशा कळते असं वाटतं त्यांची गाडी हमखास ऑप्शन्सकडे, म्हणजे पुढे भाव कुठे जाईल यावर पैज लावण्यासारख्या सौद्यांकडे, वळते. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत २०२१–२२ ते २०२३–२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या दर शंभर व्यक्तींपैकी त्र्याण्णव जणांनी पैसे गमावले होते. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींहून जास्त. आमच्या बैठकीत ऑप्शन्सवर बोलायचं नाही असा नियम बाईंनी केला तेव्हा एकदोघे यायचे बंद झाले. तो नियम बरोबर आहे असं मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते.

हे सगळं मला एवढं जिवाचं का वाटतं? आमच्या शेजारी एक गृहस्थ होते. बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यातून व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेऊन बाहेर पडलेले, मुलीचं लग्न व्हायचं होतं. जानेवारी २००८ मध्ये एका वीज कंपनीचा प्रचंड गाजावाजा झालेला आयपीओ आला. अर्ज भरायला रांगा लागल्या होत्या. कंपनीचे प्रकल्प बहुतेक कागदावरच होते. त्यांनी स्वतःच्या, बायकोच्या, भावाच्या नावाने अर्ज भरले, ओळखीच्यांकडून उसने घेतले. शेअर नोंदला गेला तोवर बाजार पडायला लागला होता. ते रोज स्टेशनवरून संध्याकाळचा पेपर घेऊन यायचे आणि जिन्यातच उघडून भाव बघायचे. नंतर नंतर पेपर आणायचे बंद झाले. ते साधे, हिशेबी, काटकसरी गृहस्थ होते. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारे. या एका ठिकाणी त्यांना कोणी विचारलं नाही, की अजून एक युनिट वीजही न विकलेल्या कंपनीला तुम्ही जे पैसे देताय त्यात काय काय धरलंय? विचारणारं माणूस त्यांच्या आयुष्यातच नव्हतं. चार माणसांची खोली, एक फळा आणि नम्रपणे विचारलेला एक प्रश्न, एवढ्याने त्यांचे पैसे वाचले असते असा माझा ठाम विश्वास आहे.

पण प्रश्न विचारणाऱ्यांनीही तो दोन्ही बाजूंनी विचारायला हवा. इथे मी बाईंच्या विरुद्ध आणि त्या घोडबंदर रोडच्या मुलाच्या बाजूने आहे. जुलै २०२२ मध्ये झोमॅटोचा शेअर ४१ रुपयांपर्यंत घसरला होता. आदल्या वर्षी आयपीओत तो ७६ ला दिला होता. बाईंच्या मते तोट्यातल्या कंपनीला पीईच नाही, मग बोलायचं कशावर? मुलगा फळ्याजवळ गेला. सगळ्या कंपनीची बाजारातली किंमत चाळीस हजार कोटींच्या आत. तिच्याकडे रोख आणि ठेवी मिळून बारा हजार कोटींच्या आसपास. "मग उरलेल्या धंद्याला बाजार जेवढे देतोय," तो म्हणाला, "त्यात हा धंदा कधीच नीट नफ्यात येणार नाही असं धरलंय. बाई, आमच्या टॉवरच्या गेटवर रात्री दहा वाजता येऊन बघा." काकांचं ट्रक मोजणं ते हेच, फक्त ट्रकच्या जागी डिलिव्हरीची मुलं. एप्रिल ते जून २०२३ च्या तिमाहीत कंपनीने पहिल्यांदा नफा दाखवला, दोन कोटींचा. डिसेंबर २०२४ मध्ये शेअर तीनशेला लागला.

तीनशेला बाईंनी त्याला तोच प्रश्न विचारला. आता त्यात दहा मिनिटांत किराणा पोहोचवणारी गोदामं शहराशहरांत उभी राहतील, स्पर्धेतले दोघे-तिघे दमून जातील आणि ऑर्डरमागे भरपूर सुटेल, इतकं सगळं धरलेलं होतं. त्याने ते स्वतःच ओळीने लिहिलं. मग निम्मे शेअर विकले, निम्मे ठेवले. बाईंना दोन्ही पटलं नाही. मला निम्मे ठेवण्याचं कारण पटलं नाही, विकण्याचं पटलं. त्यावरून आमचं अजून चालू आहे.

पुढच्या रविवारी विषय आहे एचडीएफसी बँक. १ जुलै २०२३ ला एचडीएफसी ही गृहकर्ज देणारी कंपनी तिच्यात विलीन झाली, त्याने गृहकर्जांचा डोंगर बँकेत आला, ठेवी तेवढ्या आल्या नाहीत, आणि त्यानंतर बाजार पूर्वीइतके पट द्यायला तयार नाही. माझ्या मते या भावात धरलंय ते वाजवीपेक्षा कमी आहे, बँकवाल्या दोघांच्या मते अगदी बरोबर आहे. येणाऱ्यांनी तीन वर्षांचा नफा, एकूण शेअर आणि पुस्तकी मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं ते) लिहून आणावं, म्हणजे सुरुवातीची पंधरा मिनिटं वाचतील. टिप कोणीही आणू नये.